ह्वेक्वानमधले पहिले व्याख्यान : सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी वाचकासाठी

सिंगापूरला येऊन सहा-आठ महिने झाले, घर लागले, मुलांच्या शाळा मार्गी लागल्या, की मराठी माणसाची पावले आपोआप मराठी मंडळाच्या कार्यक्रमाकडे वळतात, आणि ती वळावीतच. परंतु जिथे दर चार रहिवाशांपैकी सुमारे तीन चिनी वंशाचे आहेत अशा शहरात दहा-दहा वर्षे राहूनही शेजाऱ्याची ओळख लिफ्टमधल्या हसण्यापलीकडे जात नाही, ही खंत इथले अनेकजण बोलून दाखवतात. ज्यांना वाचनाची आणि व्याख्याने ऐकण्याची सवय आहे त्यांच्यासाठी एक वाट उघडी आहे. इथल्या चिनी समाजसंस्थांमध्ये, म्हणजे ह्वेक्वानांमध्ये, वर्षभर सांस्कृतिक व्याख्याने आणि पुस्तकचर्चा होत असतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना बाहेरच्या माणसाला मज्जाव नसतो. तिथे कसे जावे, जाण्यापूर्वी काय करावे आणि गेल्यावर कसे वागावे, हे मी स्वतः चुकतमाकत शिकलो. त्या चुका इतरांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे टिपण.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आपल्याकडे पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हापासून श्रोता म्हणून वागण्याची आपली एक रीत ठरून गेली आहे: वेळेवर यावे, जागा धरावी, ऐकावे, टाळ्या वाजवाव्या आणि घरी जावे. ह्वेक्वानमध्ये ही रीत पुरत नाही. तिथे व्याख्यान हा त्या संध्याकाळचा मधला भाग असतो. त्याआधीचे वाचन आणि नंतरचा चहा, या दोन गोष्टींवरच आपण तिथे पुन्हा जाऊ शकतो की नाही हे ठरते.

आधी संस्था ओळखावी

'ह्वे' म्हणजे जमणे आणि 'क्वान' म्हणजे वास्तू. तेव्हा ह्वेक्वान म्हणजे जमण्याची जागा. मुंबईत धोबी तलाव आणि माझगावच्या परिसरात गोव्याच्या एकेका गावाचे जे 'कूड' होते, त्यांची ज्यांना कल्पना आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. गावाकडून नवा मुलगा बोटीने आला की त्याने पाठ टेकावी कुठे, नोकरी मिळेपर्यंत जेवावे कुठे, आजारी पडला तर पाहणार कोण आणि परमुलखात मेला तर माती देणार कोण, या प्रश्नांचे उत्तर म्हणजे कूड, आणि तेच उत्तर म्हणजे ह्वेक्वान. सिंगापुरात अशा नवागताला 'सिनखेह', म्हणजे नवा पाहुणा, म्हणत. दक्षिण चीनच्या च्यायिंग भागातून आलेल्या, हाक्का बोली बोलणाऱ्या लोकांचे यिंग फो फुई कुन १८२२ सालचे, म्हणजे इंग्रजांची वखार पडून तीनच वर्षे झाली होती तेव्हाचे. फुच्येन प्रांतातल्या लोकांचे हॉक्येन हुए क्वान १८४० चे. तेओच्यू लोकांची ङी आन कोंगसी १८४५ ची. पहिल्या दोन संस्थांच्या जुन्या वास्तू ज्या तेलोक आयर रस्त्यावर आहेत तो रस्ता एकेकाळी समुद्रकिनारा होता. बोटीतून उतरलेला माणूस आधी समुद्राच्या देवीचे, माचूचे, आभार मानायला थ्येन हॉक केंग मंदिरात जाई. आणि त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, तमिळ मुसलमानांनी बांधलेला नागोर दर्गाही आहे.

या संस्थांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मूळ गाव किंवा जिल्हा एक असतो, दुसऱ्यात आडनाव एक असते. आडनावांच्या संस्थांत एक गमतीचा पोटप्रकार आहे. लिऊ, क्वान, चांग आणि चाओ या चार वेगवेगळ्या आडनावांची एकच संस्था असते, कारण तीन राज्यांच्या काळातील, म्हणजे चीन तीन राज्यांत विभागला गेला त्या सुमाराचे, लिऊ पेइ, क्वान यू आणि चांग फेइ हे शपथेने झालेले भाऊ आणि त्यांचा सेनानी चाओ युन यांची ती आडनावे होत. अशा संस्थेत त्या काळावरच्या कादंबरीची चर्चा असेल तर ती साहित्यचर्चा कमी आणि घरातल्या मोठ्यांविषयीची बोलणी अधिक असते, हे ध्यानात ठेवूनच तोंड उघडावे.

व्याख्याने मुळात का सुरू झाली हेही थोडक्यात माहीत असावे. पूर्वी या संस्थांनी शाळा काढल्या. हॉक्येन हुए क्वानच्या ताओ नान शाळेची स्थापना १९०६ ची असून तिच्या जुन्या इमारतीत आज पेरानाकान, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजून स्थानिकांत मिसळलेल्या लोकांचे, संग्रहालय आहे. पुढे घर, शाळा आणि दवाखाना ही कामे सरकारने हाती घेतली, १९७९ पासून मंदारिन बोलण्याच्या मोहिमेने हॉक्येन, तेओच्यू, कँटोनीज या बोली मागे पडू लागल्या आणि १९८७ पर्यंत सर्व शाळांत इंग्रजी हीच पहिली भाषा झाली. ज्यांना आता आसऱ्याची गरज नाही अशा तरुणांनी ह्वेक्वानमध्ये यावे तरी कशासाठी, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. १९८६ मध्ये या संस्थांचा महासंघ स्थापन झाला, आज त्याच्या सदस्यसंस्था दोनशेहून अधिक आहेत, आणि संस्कृती हेच त्यांचे मुख्य काम होऊन बसले आहे. म्हणून तिथल्या सभागृहात बहुतेक डोकी पांढरी दिसतात आणि एखादा नवा चेहरा, मग तो मराठी का असेना, दिसला की यजमानांना मनापासून आनंद होतो.

भाषेचा अडसर किती आणि कुठे

कार्यक्रम तीन भाषांपैकी एकीत असतो: मंदारिन, संस्थेची स्वतःची बोली, किंवा इंग्रजी. मंदारिनला इथे 'ह्वायू' म्हणतात. चीनमध्ये रूढ असलेला 'फुथोंगह्वा' हा शब्द इथे कानाला परका वाटतो. ज्याला चिनी अजिबात येत नाही त्याने सुरुवात स्ट्रेट्स बुलेवार्डवरील सिंगापूर चायनीज कल्चरल सेंटरपासून करावी. २०१७ साली उघडलेल्या या केंद्रात इंग्रजी कार्यक्रमही होतात. क्वीन स्ट्रीटवर 'चायना कल्चरल सेंटर' नावाची दुसरी वास्तू आहे, ती चीन सरकारची आहे. दोहोंच्या नावांत एवढे साम्य आहे की टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना रस्त्याचे नाव आवर्जून सांगावे.

मंदारिन शिकायची असेल तर मराठी माणसाच्या हाती एक आयता फायदा आहे. रोमन लिपीत 'बी' अक्षराने लिहिलेला चिनी उच्चार खरे तर आपला 'प' असतो आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला 'फ'. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. 'जी' म्हणजे 'क' आणि 'के' म्हणजे 'ख'. त्याहून मोठी गंमत 'झेड'ची आहे. तो उच्चार म्हणजे चमच्यातला आणि चाकातला 'च', जो आपण लहानपणापासून चहातल्या 'च'पेक्षा वेगळा बोलत आलो आणि जो हिंदी बोलणाऱ्याला मुद्दाम शिकावा लागतो. व्याख्यानाला मंदारिनमध्ये 'च्यांगच्वो' म्हणतात: पहिला च चहातला, दुसरा चाकातला. वर्गातल्या आमच्या बाईंनी हा शब्द सगळ्यांकडून वदवून घेतला तेव्हा पहिल्या दिवशी तो नीट म्हणणारे आम्ही दोघेच होतो, आणि दोघेही कोकणातले. स्वरांच्या चढउताराने मात्र पुढे आमचीही पुरेशी जिरवली.

कार्यक्रम शोधणे आणि नाव नोंदवणे

जाहिराती संस्थेच्या दारावरच्या फलकावर, समाजमाध्यमांवर आणि 'ल्येनह चाओपाओ' या चिनी दैनिकात येतात. फलकावर चार शब्द ओळखता आले तरी काम भागते: च्यांगच्वो म्हणजे व्याख्यान, तूषूह्वे म्हणजे वाचकमंडळाची बैठक, म्येनफेइ म्हणजे विनामूल्य आणि पाओमिंग म्हणजे नावनोंदणी. प्रवेश विनामूल्य असला तरी नाव नोंदवल्याशिवाय जाऊ नये. याचे कारण शिस्तीपेक्षा खाण्याशी निगडित आहे, कारण नंतरचा अल्पोपाहार नोंदलेल्या डोक्यांप्रमाणे मागवलेला असतो.

नाव नोंदवायला संस्थेच्या कचेरीत शक्यतो फोन करावा. फोनवर बहुधा सचिव असतात, बहुधा त्यांना इंग्रजी कळते, आणि तरीही पहिले वाक्य मंदारिनमध्ये म्हटल्याने पुढचे सगळे सोपे होते: "वो षर् यिंतूरन, खयी लाय थिंग मा?" म्हणजे, मी भारतीय आहे, ऐकायला आलो तर चालेल का? आपले नाव सांगताना चिनी रीतीप्रमाणे आडनाव आधी सांगावे, नाहीतर नोंदवहीत आपल्या नावालाच आडनाव समजून पुढे कायम त्याच नावाने हाक मारली जाते. फोनवर आणखी एकच गोष्ट विचारून घ्यावी: व्याख्यान कोणत्या भाषेत आहे? मी पहिल्या खेपेला हे विचारले नव्हते. विषय चहाचा होता, फलक मंदारिनमध्ये होता, आणि दोन तासांचे संपूर्ण व्याख्यान तेओच्यू बोलीत झाले. शेजारच्या काकू अधूनमधून माझ्या मांडीवर थोपटून 'कळले ना?' अशा अर्थाचे काहीतरी विचारत होत्या आणि मी मान डोलवत होतो.

चांद्र नववर्षाचे पहिले पंधरा दिवस या खटपटीत पडू नये. त्या दिवसांत व्याख्याने नसतात, संस्थेत सामूहिक शुभेच्छांचे मेळावे असतात आणि ते सभासदांसाठी असतात. वसंतातल्या आणि शरदातल्या पूर्वजपूजेचे दिवसही तसेच. उलट शरदातल्या पौर्णिमेच्या सुमारास कंदिलांवर लटकवलेली कोडी सोडवण्याचे कार्यक्रम असतात. तिथे भाषा अर्धवट येणाऱ्यालाही मजा येते आणि ओळखी लवकर होतात.

घरचा अभ्यास

नवखा माणूस इथेच कमी पडतो, आणि इथे केलेली मेहनत कधी वाया जात नाही. व्याख्यानासाठी निदान विषयातली विशेषनामे बोलीतल्या आणि मंदारिन अशा दोन्ही उच्चारांत लिहून न्यावीत. चिनी लिपीतले एकच आडनाव हॉक्येनमध्ये 'तान', कँटोनीजमध्ये 'चान' आणि मंदारिनमध्ये 'छन' असे उच्चारले जाते. एका संध्याकाळी मी अर्धा तास 'छन च्याकंग' नावाच्या कुणा दानशूर व्यापाऱ्याचे चरित्र मोठ्या आदराने ऐकत होतो. रबराच्या व्यापारात त्यांनी पैसा मिळवला, १९१९ मध्ये सिंगापुरात माध्यमिक शाळा काढली, १९२१ मध्ये मायदेशी श्यामेन विद्यापीठ स्थापन केले, वगैरे. पडद्यावर छायाचित्र आले तेव्हा उलगडा झाला की हे तान काह की आहेत, ज्यांच्या नावाच्या मेट्रो स्थानकावरून मी रोज ये-जा करतो.

काही विषय वारंवार येतात आणि त्यांची तयारी एकदा केली की ती वर्षानुवर्षे पुरते. स्थलांतरितांनी पैशांबरोबर घरी पाठवलेली पत्रे, ज्यांना 'छ्याओफी' म्हणतात, हा त्यांतला एक. २०१३ साली युनेस्कोने या पत्रांचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला. मुंबईच्या चाकरमान्याने कोकणात धाडलेल्या मनीऑर्डरीच्या कुपनावरचा तो दोन ओळींचा मजकूर ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना या व्याख्यानात भाषांतराची फारशी गरज पडत नाही: आईची तब्येत, भावाचे लग्न, छपराची दुरुस्ती, आणि शेवटी 'माझी काळजी करू नये'.

पुस्तकचर्चेची तयारी निराळी. वाचकमंडळ सहसा मोठा ग्रंथ घेऊन बसते आणि एका बैठकीत एक-दोन प्रकरणे वाचते. काही मंडळांत सभासद आळीपाळीने मोठ्याने वाचतात, मग चर्चा होते. 'हुंगलौमंग' (इंग्रजीत 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर') ही त्साओ श्युएछिन यांची अठराव्या शतकातली कादंबरी अशा मंडळांची विशेष आवडती आहे. १७९१ साली ती १२० प्रकरणांत छापली गेली. त्यांपैकी पहिली ८० त्साओंची आणि पुढची ४० कुणाची, यावर तिथे अजूनही हिरिरीने वाद घातले जातात आणि त्या वादात नवख्याने पडू नये. इंग्रजी अनुवाद आणून आधी ठरलेले प्रकरण दोनदा वाचावे आणि वहीच्या पहिल्या पानावर वंशवृक्ष काढून ठेवावा, कारण पात्रे शेकड्यांनी आहेत.

इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा पुढे असतो. नायक पाओयू याच्या आयुष्यात दोन मुली आहेत, तायू आणि पाओछाय, आणि इंग्रजी अनुवादांत त्या दोघीही 'कझिन' असतात. वंशवृक्ष काढला की दिसते की तायू ही त्याची आतेबहीण आहे आणि पाओछाय मावसबहीण. चिनी भाषेत या दोन नात्यांना 'कूप्याओ' आणि 'यीप्याओ' असे वेगवेगळे शब्द आहेत. एकीला बळ आहे ते तिच्या मृत आईच्या माहेरचे, म्हणजे पाओयूच्या आजीचे, आणि दुसरीच्या पाठीशी खुद्द पाओयूची आई आहे. तेव्हा लग्नाचे पारडे कुठे झुकणार हे घरातल्या बायकांच्या जागांवरून आधीच वाचता येते. मी एका बैठकीत एवढेच सांगितले की आमच्याकडे अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत होती, म्हणून आम्हाला हे पुस्तक वाचताना आधी 'कुणाच्या बाजूची?' असा प्रश्न पडतो. त्यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि त्या पाऊण तासात मला पुस्तकापेक्षा माझ्या समोर बसलेल्या आज्यांच्या घरांविषयी जास्त कळले.

दुसरा असा दुवा ह्युएन त्संगाचा. आपण शाळेत ज्या नावाने त्याला ओळखतो ते नाव तिथे उच्चारले तर कुणालाही बोध होत नाही; 'श्वेनचांग' म्हणावे, च पुन्हा चाकातला. ६४६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात 'मोहोलाछा' या देशाचे वर्णन आहे, आणि तो देश म्हणजे दुसऱ्या पुलकेशीच्या अमलाखालचा महाराष्ट्र. तिथली माणसे उंच, साधी आणि मानी असतात, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, आणि लढाईआधी आपल्या हत्तींना दारू पाजतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या यात्रेवर रचलेली माकडराजाची कथा तिथल्या प्रत्येकाला पाठ असते, पण त्याने आपल्या गावांविषयी काय लिहिले हे सहसा कुणी वाचलेले नसते. ते पान सोबत न्यावे.

त्या संध्याकाळी

पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. जुनी संस्था असेल तर जिना अरुंद आणि उभा असतो. दारावरची पाटी उजवीकडून डावीकडे वाचायची असते आणि ती जुन्या, पूर्ण रूपांच्या लिपीत असते. आत हाती मिळणारा कागद मात्र सुटसुटीत केलेल्या नव्या लिपीत असतो, त्यामुळे एकच शब्द दोन ठिकाणी दोन रूपांत दिसला तर गोंधळू नये. आत शिरताच भिंतींवर माजी अध्यक्षांची छायाचित्रे ओळीने लावलेली दिसतात आणि दगडी फलकांवर देणगीदारांची नावे रकमेसह कोरलेली असतात, अगदी आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पाटीसारखी. एका बाजूला देव्हारा किंवा पूर्वजांच्या नावांच्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये आणि मंदिराचा भाग असेल तर उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओलांडावा. चपला काढायची सहसा गरज नसते.

दाराशी नोंदवही असते. तिच्यात बऱ्याचदा नाव, फोन आणि मूळ गाव असे तीन रकाने असतात. तिसरा रकाना पाहून पहिल्या दिवशी मी अडखळलो आणि तो कोरा सोडला. तेव्हा टेबलापाशी बसलेल्या गृहस्थांनी वही परत माझ्याकडे फिरवली आणि त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवले. मी देवनागरीत 'राजापूर' लिहिले. ते त्यांनी निरखून पाहिले, उच्चार विचारला आणि खाली आपल्या लिपीत लिहून घेतला. तेव्हा हा रकाना भरावा, आणि 'इंडिया' लिहून भरू नये.

पहिल्या रांगेत बसू नये. ती पदाधिकाऱ्यांची आणि पाहुण्यांची असते. अध्यक्षांचे स्वागतपर भाषण, वक्त्यांचा परिचय, व्याख्यान, प्रश्नोत्तरे, स्मृतिचिन्ह आणि समूहचित्र असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. प्रश्न विचारायचा असेल तर उभे राहून आधी आपले नाव सांगावे, वक्त्याला आडनावाला जोडून 'लाओषर्', म्हणजे गुरुजी, म्हणावे आणि एकच प्रश्न विचारावा. व्याख्यानाला जोडून स्वतःचे छोटे व्याख्यान देण्याची आपली सवय घरी ठेवून यावी. समूहचित्राच्या वेळी संकोचाने मागे सरकलात तर कुणीतरी हाताला धरून ओढून आणतेच, तेव्हा आपण होऊन जाऊन उभे राहावे.

बोलताना एका शब्दाची विशेष काळजी घ्यावी. तिथे बसलेले लोक 'ह्वारन' आहेत, म्हणजे चिनी वंशाचे. 'चुंगक्वोरन', म्हणजे चीनचे नागरिक, नव्हेत. चार पिढ्या सिंगापुरात राहिलेल्या माणसाला 'तुमच्या चीनमध्ये' असे म्हणणे हे तंजावरच्या मराठी माणसाला 'तुमच्या महाराष्ट्रात' म्हणण्यासारखे आहे. तो चिडत नाही, पण त्यानंतर आपल्याशी हवापाण्याच्या गोष्टी करू लागतो. चीन, तैवान आणि भारताची सीमा हे विषय कुणी आपल्याकडून काढून घेऊ पाहिले तरी टाळावेत.

चहाच्या वेळी

समूहचित्र झाल्यावर घाईने निघून जाणे ही नवख्याची सर्वांत मोठी चूक होय. मागच्या टेबलावर चहा आणि खाणे मांडलेले असते आणि ओळखी तिथेच होतात. समोरच्याने आपल्या पेल्यात चहा ओतला की तर्जनी आणि मधले बोट वाकवून टेबलावर हलकेच दोन-तीनदा टकटक करावी. दक्षिण चिनी रीतीने हे आभार झाले, आणि बोलणे मध्येच थांबवावे लागत नाही. आपणही शेजारच्याचा रिकामा पेला आधी भरावा, स्वतःचा नंतर.

शाकाहारी मंडळींनी थोडे सावध असावे. 'बी हून' म्हणजे तांदळाच्या बारीक शेवयांची परतलेली भाजी. ती दिसायला निर्दोष असली तरी तिच्यात अंडे किंवा सुकट असण्याचा संभव मोठा. नाव नोंदवतानाच 'वो छर् सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, असे सांगितले तर वेगळा डबा येतो. तो बौद्ध पद्धतीचा असतो आणि त्यात कांदा-लसूणही नसते, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. डब्यातला हुबेहूब कोंबडीसारखा दिसणारा तुकडा सोयाबीनचा किंवा गव्हाच्या सत्त्वाचा असतो. तो पाहून दचकू नये.

दुसऱ्या खेपेपासून

दुसऱ्यांदा गेलात की नाव विचारले जात नाही. चौथ्या-पाचव्या वेळी बहुधा सचिव विचारतात की भारताविषयी दहा मिनिटे बोलाल का. हो म्हणावे, पण विषय योगाचा किंवा चित्रपटांचा न देता दोन्ही बाजूंचा धागा असलेला द्यावा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हा असा विषय आहे. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून चीनकडे निघाले, त्यात ते होते. १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. चीनमध्ये शिकलेल्या सभासदांना ते 'ख तीह्वा' या नावाने ठाऊक असतात. त्याच १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये तान काह की यांच्या नेतृत्वाखाली आग्नेय आशियातल्या चिनी लोकांची मदतसंघटना सिंगापुरात उभी राहिली, हे शेजारी ठेवले की सभागृहाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. मुंबईचा धागा हवा असेल तर माझगावला डॉकयार्ड रोड स्थानकाजवळचे 'सी यप कून' हे क्वान यूचे १९१९ मधले देऊळ आहे. त्या नावातला 'कून' म्हणजे ह्वेक्वानातला 'क्वान'च.

भाषण आठ दिवस आधी लिहून दुभाष्याच्या हाती द्यावे आणि त्यातली सगळी मराठी नावे उच्चारून दाखवावीत. दुभाष्यामुळे दहा मिनिटांची वीस होतात, म्हणून मजकूर निम्मा ठेवावा. त्या दिवशी काही भेट न्यायची असेल तर घड्याळ नेऊ नये, कारण 'घड्याळ देणे' याचा चिनी उच्चार 'अंत्यविधी करणे' यासारखा होतो. नववर्षाच्या दिवसांत पुस्तकही भेट देऊ नये. 'षू' म्हणजे पुस्तक आणि 'षू' म्हणजे हरणे, आणि सभासदांत दुकानदार बरेच असतात. त्या दिवसांत संत्री न्यावीत, ती जोडीने, आणि दोन्ही हातांनी द्यावीत. इतर वेळी मी चिवड्याचा डबा नेतो. त्यातले शेंगदाणे आधी संपतात आणि रिकामा डबा धुऊन, आत दोन-चार सुक्या खजुरांसकट, पुढच्या महिन्यात परत मिळतो.